बाभळीच्या गाठाळ ओंडक्यातून धनुष्य काढायचं तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दिंडोरी तालुक्यातल्या शेताच्या बांधावरची बाभूळ दिवाळीनंतर छाटली, त्यातला ७४ इंच लांब आणि सहा इंच जाड तुकडा ओसरीत ठेवलाय. जाड टोकापासून ३४ इंचांवर अंगठ्याएवढी घट्ट गाठ आहे, ५३ इंचांवर बोराएवढी, काळी कड असलेली गाठ आहे आणि ६९ इंचांवर एक बारीक डोळा आहे. तिन्ही एकाच अंगाला. पलीकडच्या अंगाला सुकताना पडलेली लांब, तिरकी चीर. शिवाय सगळ्या लांबीत थोडा पीळ आणि एक हलकी लाट. वखारवाला म्हणाला, जळणाला द्या. तुम्हाला त्यातून ४५ पौंडांचं, म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागेल असं, धनुष्य हवंय, आणि गाठी कोरून तिथे इपॉक्सी भरली तर चालेल का, असं विचारलंय.

धनुष्य होईल. ४५ पौंडांचं नाही. २६ इंच ओढीला ३० पौंड, एवढंच या लाकडाकडून मागा. आणि गाठी कोरायच्या नाहीत.

मी सातपूरला फाउंड्रीचे लाकडी पॅटर्न करण्याचं काम शिकलो, धनुष्यं नंतर आली. त्यामुळे मोजमापाची खोड आहे, ती पुढे जागोजागी दिसेल.

वखारवाल्याचं त्याच्या परीनं बरोबर आहे. तो फळीच्या हिशेबानं बघतो, आणि फळीत गाठ आली की भाव पडतो. धनुष्यात हिशेब वेगळा. ओढताना धनुष्याची पाठ, म्हणजे आपल्यापासून लांबची बाजू, ताणली जाते आणि आपल्याकडचं पोट दाबलं जातं. पोटावर गाठ असली तर फारसं बिघडत नाही. दाब सोसायला ती आजूबाजूच्या लाकडापेक्षा टणकच असते. पाठीवर मात्र प्रश्न एकच: या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरा अखंड आहेत का? झाड वाढताना खोडाच्या शिरा फांदीला वळसा घालून पुढे जातात. गाठीभोवती जो उंचवटा दिसतो तो याच वळसा घेतलेल्या शिरांचा. तो रंध्यानं सपाट केला की नेमक्या त्याच शिरा तुटतात आणि त्यांची तुटकी टोकं पाठीवर उघडी पडतात. धनुष्य ओढलं की कुसळ तिथूनच उचलतं. गाठ कोरून इपॉक्सी भरली तरी तेच. इपॉक्सी भोक बुजवते, तुटलेली शीर जोडत नाही.

१५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ साली समुद्रातून वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज लढाऊ जहाजावर यू लाकडाची शंभरावर अख्खी धनुष्यं सापडली. यू हे बारीक गाठींचं लाकूड. जुने कारागीर अशा गाठीपाशी लाकूड जरा उंच सोडून देत. त्यांची धनुष्यं आपल्यापेक्षा कितीतरी जड ओढीची होती, तरी उंचवटे त्यांनी राहू दिले.

तुम्ही व्हिडिओ पाहून लिहिलंय की पाठीला एकच वार्षिक वलय धरून खाली उतरायचं. तो नियम ओसेज ऑरेंज या अमेरिकी झाडासारख्या लाकडांचा. तिथे थंडीत वाढ थांबते, वलयं स्पष्ट असतात, आणि वरचं पांढरं लाकूड काढून गाभ्याचं एक वलय उघडं करतात. आपल्या बाभळीत वलयं धड दिसतही नाहीत, त्यात शिरा बऱ्याचदा एका थरात इकडे तर दुसऱ्या थरात तिकडे झुकलेल्या. वलय शोधत बसलात तर चार ठिकाणी चार थर कापाल. आपल्याला अखंड थराची हमी एकाच ठिकाणी मिळते: सालीच्या लगेच खाली. झाडानं स्वतः घातलेला शेवटचा थर, तीच पाठ. तिला पोलादाची धार लागता कामा नये.

म्हणून साल काढण्याला वेळ द्या. बाहेरची जाड, भेगाळ साल दोन मुठींच्या ओढायच्या चाकूनं किंवा बोथट कोयत्यानं उतरवा. आतली तांबूस, चिवट साल लाकडाला घट्ट बसलेली असेल, कारण फांदी छाटून बरेच दिवस झाले. तिच्यावर ओला कपडा तासभर गुंडाळून ठेवा आणि मग बांबूच्या कामटीनं किंवा शिंगाच्या तुकड्यानं खरवडून काढा. काम करताना लाकडावर निळे-काळे डाग पडले तर घाबरू नका. बाभळीच्या सालीत टॅनिन भरपूर असतं, चामडं कमावायला ती वापरतात ती त्यासाठीच; ओल्या टॅनिनला लोखंड लागलं की काळं पडणारच. डाग वरवरचे असतात. सालीखाली पिठासारखा भुसा किंवा बारीक भोकं दिसली तर मात्र थांबा. बाभळीच्या पांढऱ्या लाकडाला भुंगेरा लवकर लागतो, आणि पाठीवर भोक असेल तर त्या लाकडावर पुढे मेहनत करू नये.

आता ओंडका उभा दोन भागांत करा. सरळ शिरांच्या लाकडाला मी पाचरी मारून फोडणंच पसंत करतो, पण इथे नको. उलटसुलट शिरांत पाचर कुठेही भरकटते आणि गाठीपाशी हमखास आत वळते. करवत लावा. गाठींचा अर्धा धनुष्याला, चिरेचा अर्धा बाजूला. गाठी चालतात आणि चीर चालत नाही याचं कारण वर आलंच: तिरक्या चिरेनं शिरा पाठीवरच तोडलेल्या असतात. त्या अर्ध्यातून कुदळीचे दांडे निघतील, बाभूळच आहे शेवटी.

कापलेली टोकं लगेच फेव्हिकॉल किंवा ऑइलपेंटनं बंद करा, आणि खाली सांगितलेली मधली रेघ आखून झाली की उघड्या केलेल्या पाठीलाही लगेच पातळ हात द्या, नाहीतर मार्चच्या कोरड्या हवेत ती तडकेल. तुमच्याकडे अजून अर्धवट ओलं लाकूड आहे. ते अख्खं सुकायची वाट बघू नका. आधी ढोबळ आकार काढा, मग सुकवा. पातळ लाकूड लवकर आणि कमी तडे पडून सुकतं.

आखणीत निम्मी लढाई आहे. तुमच्याकडे ७४ इंच आहेत आणि लागणार ६८. सहा इंच जास्तीचे आहेत ते फेकायला नाहीत, सरकवायला आहेत. जाड टोकापासून ६८ इंच धरलेत तर मध्य ३४ इंचांवर येतो, म्हणजे अंगठ्याएवढी गाठ बरोबर मुठीत. मूठ जाड असते, वाकत नाही; तिथे गाठ असली काय नि नसली काय. ६९ इंचांवरचा डोळा कापून जातो. उरली एक, ५३ इंचांवरची. ती मध्यापासून १९ इंचांवर, भुजेच्या (मुठीपासून टोकापर्यंतच्या वाकणाऱ्या भागाच्या) जवळपास मधोमध, जिथे वाक चांगला हवा तिथेच. तिला टाळता येत नाही, म्हणून तिच्यासाठी वेगळी सोय करायची.

आधी मधली रेघ. सूत मारून सरळ रेघ ओढू नका. रेघ शिरांच्या मागे जायला हवी. बाभळीत शीर डोळ्याला पटकन दिसत नाही, तर शाईच्या पेनातली पातळ शाई थेंब-थेंब पाठीवर सोडा. थेंब शिरेच्या दिशेनं लांबट पसरतो. असे थेंब दर तीन-चार इंचांवर टाकून ते जोडत जा. रेघ लाटेबरोबर वळेल, गाठीपाशी आणखी वळेल. वळू द्या. सुताराच्या डोळ्याला हे खुपतं, कारण काम सुतात असावं हे अंगात भिनलेलं असतं. पण इथे सरळ कापलेली कड म्हणजे शिरा कापणारी कड.

रेघेच्या दोन्ही बाजूंना सारखी, मिळून एकूण रुंदी: मुठीपासून भुजेच्या मध्यापर्यंत ४८ मिलिमीटर, तिथून टोकाला १४ मिलिमीटरपर्यंत निमुळती. काळ्या कडेच्या गाठीपाशी रुंदी वाढवायची. हिशेब सोपा आहे. गाठ सुमारे २० मिलिमीटरची आहे. ती वजा जाता दोन्ही बाजूंना मिळून निरोगी लाकूड तेवढंच उरलं पाहिजे जेवढं गाठ नसती तर असतं. त्या जागी ४४ मिलिमीटर रुंदी येत असेल तर ६४ करा. हा फुगवटा गाठीच्या वर-खाली दोन-दोन इंचांत हळूहळू मूळ रुंदीला मिळवा, झटक्यात नाही. आणि गाठ या फुगवट्याच्या मधोमध येऊ द्या. कडेला आलेली गाठ सगळ्यात वाईट, कारण तिथे वळसा घेणाऱ्या शिरांचा एक काठच नाहीसा होतो. अशी कडेची गाठ असती तर मी तुम्हाला हे लाकूड सोडायला सांगितलं असतं.

काळी कड याचा अर्थ ती फांदी आधी मेली आणि नंतर खोड तिच्याभोवती वाढलं. अशी गाठ वर सुटी असते, पण प्रत्येक गाठ खोडाच्या गरापासून सुरू होते. आतल्या भागात, जेव्हा फांदी जिवंत होती तेव्हाचं लाकूड खोडाशी एकजीव झालेलं असतं. त्यामुळे पाठीवर सैल वाटणारी गाठ पोटाकडे घट्ट निघण्याची बरीच शक्यता आहे. टोच्यानं वरची कुजकी साल आणि भुसा कोरून काढा, निरोगी लाकडाला धार लावू नका. मग बाभळीचाच बारीक भुसा इपॉक्सीत कालवून ती पोकळी भरा. हे ताकदीसाठी नाही, पाणी आत जाऊ नये म्हणून. गाठ आरपार सुटी निघाली आणि भोकच पडलं तरी दोन्ही बाजूंचं लाकूड धड असेल तर धनुष्य चालतं.

ढोबळ आकार वाकस आणि करवतीनं काढा. भुजा २० मिलिमीटर जाड ठेवा, मूठ ४० मिलिमीटर. नंतर वजनकाट्यावर वजन करून एका कागदावर लिहा आणि घरात, सावलीत, दोन खुंट्यांवर आडवं ठेवा. दर आठवड्याला वजन करा. लागोपाठ तीन वेळा काटा हलला नाही तर लाकूड मुरलं. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गच्चीवर उन्हात ठेवायची घाई करू नका. ८ ते १० टक्के ओलावा असलेलं लाकूड धनुष्याला उत्तम. त्याहून फार कोरडं झालं की ते ठिसूळ होतं, ओलं राहिलं की कायमचं वाकतं.

आता ४५ पौंडांचं बोलू. रुंदी दुप्पट केली तर भुजेचा ताठपणा दुप्पट होतो, जाडी दुप्पट केली तर आठपट. उलट बाजूनं बघा: जाडीतून दहा टक्के काढले की ताठपणा साधारण २७ टक्क्यांनी उतरतो. १५ मिलिमीटरच्या भुजेत दहा टक्के म्हणजे दीड मिलिमीटर, रंध्याचे पाच-सहा हात. ४५ पौंड हवे तर जाडी वाढवावी लागेल, आणि जितकी जाडी जास्त तितका त्याच वाकाला पाठीवर ताण जास्त. निर्दोष लाकूड तो सोसतं. तुमच्या लाकडात एक जागा अशी आहे जिथे शिरा आधीच वळसा घालताहेत, शिवाय सहा इंचांच्या ओंडक्यामुळे पाठ सपाट नाही, ४८ मिलिमीटर रुंदीत मधे साधारण ४ मिलिमीटर उंच आहे. गोल पाठीवर सगळा ताण त्या मधल्या पट्टीवर येतो. म्हणून लांब, रुंद, पातळ आणि हलकं. शेतात पेंढ्याच्या गठ्ठ्यावर नेम धरायला ३० पौंड पुरतात. शिकारीचा विचार डोक्यात असेल तर तो काढून टाका, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ती गुन्हा आहे.

गाठाळ लाकडाचं खरं काम पुढे आहे: दोन्ही भुजांचा वाक साधणं.

पोट सपाट काढत आणा, पण पाठीला जिथे उंचसखल आहे तिथे पोटानंही तसंच जायचं. पाठ वर उचलली की पोटही उचललं पाहिजे, म्हणजे जाडी एकसारखी राहते. इथे पट्टी आणि रंधा उपयोगाचे नाहीत. रंध्याचा तळ सरळ, लाकूड लाटेचं. लाकडी कामाची जाड दाताची कानस, मग बारीक कानस, शेवटी खरवडायची पत्री. दर दोन इंचांवर पाठीच्या मधोमध जाडीमापक लावून आकडा पेन्सिलीनं तिथेच लिहा. मुठीकडून टोकाकडे आकडे हळूहळू उतरले पाहिजेत, मध्येच चढले किंवा एकदम पडले तर तिथे खोट. काळ्या गाठीपाशी मात्र आकडा शेजारच्यापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर जास्त ठेवा. ती जागा किंचित ताठ राहिलेली चांगली. थोडी ताठ जागा दोन पौंड खाते, थोडी मऊ जागा धनुष्य खाते.

भुजा जेमतेम वाकायला लागली की वाक डोळ्यानं तपासायची वेळ येते, आणि गाठाळ लाकूड इथेच फसवतं. सरळ लाकडाच्या भुजेत कुठे सपाट दिसलं तर ती जागा ताठ, कुठे कोन दिसला तर मऊ. लाटेच्या भुजेत मुळातच सपाट आणि कोन आहेत. लोक त्या नैसर्गिक कोनाला मऊ समजतात, दोन्ही बाजूंनी लाकूड काढत सुटतात आणि धनुष्य बिघडवतात. उपाय साधा आहे. दोरी लावण्याआधी धनुष्य भिंतीला कडेवर टेकवून त्याची बाह्यरेषा पेन्सिलीनं भिंतीवर काढा. घरच्यांची हरकत असेल तर प्लायवुडवर. वाकवल्यावर भुजेचा प्रत्येक भाग त्या मूळ रेषेपासून किती सरकला ते बघायचं. भुजा सुंदर गोल दिसते का ते बघायचं नाही. तुमचं धनुष्य ओढल्यावरही जरा वेडंवाकडंच दिसेल. दोन्ही भुजा आपापल्या मूळ आकारापासून सारख्या हलल्या म्हणजे झालं.

वाक तपासायचा खांब करून घ्या: जमिनीत किंवा भिंतीला घट्ट बसवलेला, वर मुठीसाठी बेचका, खाली कप्पी. ओढायच्या दोरीचं एक टोक ताणकाट्याला (ओढीचा जोर दाखवणाऱ्या हुकाच्या काट्याला), ताणकाटा धनुष्याच्या दोरीला, दुसरं टोक कप्पीतून तुमच्या हातात, आणि तुम्ही सहा-सात फूट लांब उभे. लांब उभं राहून वाक नीट दिसतो, आणि लाकूड फुटलं तर ढलप्या तोंडावर येत नाहीत. तरीही चष्मा घाला.

सुरुवातीला दोरी धनुष्याएवढीच, सैल नाही आणि ताणलेलीही नाही. चार-पाच इंच ओढा, बघा, उतरवा, जिथे ताठ आहे तिथे खुणा करा, खरवडा, आणि पुन्हा बघण्याआधी तेवढ्याच अंतरापर्यंत वीस-तीस वेळा हलकेच ओढा आणि दोरी न सोडता हळूच परत न्या. लाकूड काढल्याचा परिणाम लगेच दिसत नाही, चार ओढीनंतर दिसतो. न ओढता खरवडत राहिलात तर लाकूड तुमच्या अंदाजापेक्षा जास्त निघून गेलेलं असेल. दोन बंधनं कडक पाळा. ३० पौंडांच्या पुढे काटा कधीही जाऊ द्यायचा नाही, ओढ अजून दहाच इंचांपर्यंत आली असली तरी. आणि खोट दिसली की त्या पुढे ओढायचं नाही. आधी खोट काढायची, मग पुढचा इंच.

दोन्ही भुजा सारख्या यायला लागल्या की दोरी आखूड करून धनुष्यावर चढवा, आधी मुठीपासून तीन इंच अंतर राहील एवढीच. काळ्या गाठीची भुजा खाली ठेवा. खालची भुजा तशीही किंचित ताठ ठेवायची असते, आणि गाठीपाशी जास्त ठेवलेल्या लाकडामुळे ती आपसूक ताठ असेल.

दोरी चढवल्यावर पीळ आणि लाट यांचा हिशेब चुकता होतो. दोरी मुठीच्या बरोबर मधून गेली तर बाकी वाकडेपणा विसरा. थोडी बाजूला गेली तर मुठीची ती बाजू तासून मूठच दोरीखाली आणा. मुठीत लाकूड भरपूर आहे. दोरी मुठीच्या पार बाहेर जात असेल तर मात्र गरम करून भुजा वळवावी लागेल. हॉट एअर गननं पोटाकडून, तेलाचा हात देऊन, हाताला चटका बसेल इतपत लाकूड सर्वदूर तापू द्या, मग क्लॅम्पनं हव्या त्या बाजूला थोडं जास्तच ओढून बांधा आणि पूर्ण थंड होईपर्यंत हात लावू नका. काळ्या गाठीच्या आसपास चार इंच गरम करायचं नाही. भरलेली इपॉक्सी मऊ पडते आणि सुटी गाठ हलते. वळवायचं ते तिच्या अलीकडे किंवा पलीकडे. गरम केलेलं लाकूड जास्त कोरडं होतं, म्हणून चार-पाच दिवस थांबल्याशिवाय ओढू नका.

काय बिघडू शकतं? पोटावर नखानं ओढल्यासारख्या आडव्या बारीक सुरकुत्या आल्या तर तिथे लाकूड दबून मोडतंय. ती जागा मऊ आहे. तिथे हात न लावता बाकीच्या भुजेतून लाकूड काढा आणि चार पौंड कमी स्वीकारा. उतरवल्यावर भुजा एक-दीड इंच वाकलेल्या राहिल्या तर ठीक. दोन इंचांच्या पुढे गेल्या तर लाकूड ओलं होतं किंवा तुम्ही हाव धरलीत. पाठीवर गाठीजवळ कुसळ उचललं तर ते पातळ झटपट गोंदानं बसवून वर रेशमी किंवा सुती दोरा घट्ट गुंडाळा, त्यावर पुन्हा गोंद.

मला विचाराल तर या धनुष्याच्या पाठीला कच्चं चामडं लावाच. आपल्या नाशिकला ते शोधत फिरावं लागत नाही. ढोलाचं पान मढवणाऱ्याकडे बकऱ्याचं न कमावलेलं कातडं मिळतं. ढोलाला न चालणारे उरलेले तुकडे मागा, स्वस्तात देतील. दोन लांब पट्ट्या पाण्यात मऊ करून, जादा पाणी पुसून, फेव्हिकॉलनं पाठीवर बसवायच्या, मुठीवर एकमेकींवर चढवायच्या आणि सुती पट्टीनं गुंडाळून वाळू द्यायच्या. चामडं धनुष्याला जोर देत नाही, पण कुसळ उठू देत नाही. कमावलेलं, चपलेचं चामडं चालणार नाही, ते ताणतं. आणि हे काम वाक साधून झाल्यावर करा, आधी नाही, म्हणजे लाकूड काय करतंय ते झाकलं जाणार नाही.

दोरीबद्दल थोडं. सुरगाणा-पेठकडे आणि भिल्ल वस्तीत तीरकामठ्याला बांबूच्या पातळ कामटीची दोरी असते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दोरीच्या साहित्यात मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांच्याबरोबर वेणू, म्हणजे बांबू, येतो तो बहुधा असाच. पण ती बनवणं वेगळी विद्या आहे. तुम्ही तिरंदाजीच्या सामानाच्या दुकानातून डॅक्रॉन धागा आणा. एक पदर साधारण ५० पौंडांना तुटतो. बारा पदर घाला, मेण चोळा. डॅक्रॉन किंचित ताणतो, म्हणून बाण सुटल्यावर टोकांना बसणारा हिसका सौम्य होतो. अजिबात न ताणणारे नवे धागे या लाकडाला नकोत. पतंगाचा नायलॉनही नको. आणि बाण न लावता ओढून दोरी कधी सोडू नका, लहान मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नका. पाहुणे आले की हमखास कोणीतरी हे करतं.

शेवटचा हात: बारीक पॉलिश पेपर, जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात, वर लाखेचं पॉलिश किंवा कुठलंही चांगलं वॉर्निश. पोटाला आणि टोकांच्या खाचांनाही विसरू नका, ओल तिथूनच शिरते.

वेळापत्रक असं जमवा: आता ढोबळ आकार, मार्च-एप्रिलमध्ये सुकवणं, मेच्या मध्यापर्यंत वाक साधून वॉर्निश. जूनमध्ये अर्धवट धनुष्य हातात असेल तर तसंच गुंडाळून ठेवा, दिवाळीनंतर पुरं करा. पावसाळी हवेत साधलेला वाक हिवाळ्यात वेगळाच निघतो. तयार धनुष्य दोरी उतरवून दोन खुंट्यांवर आडवं ठेवायचं, कोपऱ्यात उभं टेकवून नाही. पावसाळ्यात ताणकाट्यावर दोन-तीन पौंड कमी भरले तर टोकं कापून आखूड करायचा मोह होईल. करू नका. ऑक्टोबरच्या उन्हानं लाकूड पुन्हा सुकतं. बागेची छाटणी आटोपली की मग काटा लावून बघा.